इतिहासातली सगळ्यात महत्त्वाची घटना कोणती? स्वतःचं मत नीट कसं ठरवायचं

हा विषय निघाला की कुणी दुसरं महायुद्ध म्हणतं, कुणी आगीचा शोध, कुणी थेट चंद्रावरचं पाऊल, आणि मग तासभर वाद होतो पण कुणाचंच मत जागचं हलत नाही. कारण प्रत्येकजण वेगळ्याच गोष्टीला महत्त्व म्हणत असतो. मला या प्रश्नाबद्दल खरंच आस्था आहे, नीट धरला तर यातून जेवढा इतिहास कळतो तेवढा परीक्षेसाठी पाठ करून कधीच कळत नाही. म्हणून मी जसा विचार करतो तसं इथे लिहितोय.

पहिलं काम म्हणजे घटना आणि प्रक्रिया वेगळ्या करा. शेतीचा शोध हे उत्तर खूप जण देतात आणि ऐकायला जबरदस्त वाटतं, पण शेती काही कुणी एका दिवशी सुरू केली नाही, साधारण १०-१२ हजार वर्षांपूर्वी पश्चिम आशियात गहू आणि सातू, तिकडे चीनमध्ये भात, पुढे मेक्सिकोत मका, असं वेगवेगळ्या ठिकाणी आपापलं हजारो वर्षं चालू होतं. आगीचंही तेच. माझा नियम साधा आहे, निदान अंदाजे तरी साल आणि जागा सांगता आली पाहिजे, नाहीतर ती घटना नाही. (तुम्हाला प्रक्रिया पण धरायच्या असतील तर धरा, पण मग सगळ्यांनाच धरू द्या, फक्त स्वतःच्या उत्तराला सूट नको.)

मग मोजायचं कशाने ते ठरवा, आणि हे उत्तर ठरवायच्या आधी. किती माणसं मेली यावर मोजलं तर १३४७ ते १३५१ची प्लेगची साथ फार वर येते, युरोपातली निदान एक तृतीयांश माणसं त्यात गेली. पण परिणाम किती खंडांवर झाला आणि अजून चालू आहे का असं विचारलं तर मला १४९२ जास्त मोठं वाटतं. कोलंबस अमेरिकेत पोचल्यावर बटाटा आणि मका तिथून बाकीच्या जगात गेले, गहू, घोडे, गुरं तिकडे गेली, आणि त्यांच्यासोबत देवी आणि गोवर हे रोग पण गेले, ज्यांच्याविरुद्ध तिथल्या माणसांच्या शरीरात काहीच ताकद नव्हती. तिथल्या मूळ समाजांचे समाज उद्ध्वस्त झाले. एकाच घटनेत एवढं पोषण आणि एवढा संहार, म्हणून नुसतं 'जग बदललं' म्हणून थांबू नका, कुणाचं काय बदललं ते सांगा.

आता सगळ्यात कामाचा प्रश्न, ज्यावर मी स्वतः सगळ्यात जास्त वेळ देतो. हे तेव्हा झालं नसतं तर थोड्या वर्षांत दुसऱ्या कुणी केलंच असतं का? टेलिफोनचं बघा, १४ फेब्रुवारी १८७६ला बेल आणि एलिशा ग्रे या दोघांचे कागद एकाच दिवशी पेटंट ऑफिसात गेले. म्हणजे बेल नसता तरी टेलिफोन आलाच असता.

बोस्नियातल्या सारायेव्हो शहराची गोष्ट जरा अवघड आहे. २८ जून १९१४ला सकाळी ऑस्ट्रिया-हंगेरीचा युवराज आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांडवर आधी बॉम्ब फेकला गेला, तो वाचला, दुसऱ्या गाडीतले लोक जखमी झाले. नंतर त्या जखमींना बघायला जायचं ठरलं, रस्ता बदलायचं ठरलं, पण ड्रायव्हरपर्यंत ते नीट पोचलंच नाही, त्याने जुन्याच रस्त्याला गाडी वळवली, मग त्याला ओरडून थांबवलं, आणि गाडी थांबली तिथेच १९ वर्षांचा कटवाला गावरिलो प्रिन्सिप उभा होता, त्याने गोळ्या झाडून आर्चड्यूकला मारलं. एका महिन्यात पहिलं महायुद्ध सुरू! वाचताना अंगावर काटा येतो. पण लष्करी करार, शस्त्रांची स्पर्धा, बाल्कनमधला तणाव हे सगळं आधीपासून साठलेलं होतं, त्यामुळे तुम्ही ठिणगीबद्दल बोलताय की दारूगोळ्याबद्दल हे स्पष्ट करा. मला वाटतं युद्ध कदाचित तरीही झालं असतं, पण तेच युद्ध, त्याच वर्षी, तसंच झालं असतं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

आणि जे झालंच नाही तेही यादीत घ्या. २६ सप्टेंबर १९८३ला सोव्हिएत यंत्रणेने अमेरिकेची अणुक्षेपणास्त्रं येतायत असं दाखवलं, ड्युटीवरचे अधिकारी स्तानिस्लाव पेत्रोव यांनी हा खोटा इशारा आहे असं ठरवून वर तसंच कळवलं. अशा रात्री सहसा कुणाच्या लक्षातच येत नाहीत.

माझं मत विचाराल तर २ जुलै १९०९, जर्मनीतलं कार्ल्सरूह. त्या दिवशी रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबर यांनी टेबलावर मावेल एवढ्या यंत्रात, प्रचंड दाबाखाली, हायड्रोजन आणि हवेतला नायट्रोजन एकत्र आणून द्रव अमोनिया थेंब थेंब काढून दाखवला. बघायला बीएएसएफ या जर्मन रसायन कंपनीची माणसं आलेली. तोपर्यंत शेतासाठी विकत घ्यायच्या खताला आणि स्फोटकांना लागणारा नायट्रोजन मुख्यतः चिलीतल्या वाळवंटातल्या खनिजातून यायचा आणि तो साठा संपणार ही भीती होती. त्याच कंपनीतल्या कार्ल बॉश यांनी ते कारखान्यात आणलं, १९१३मध्ये जर्मनीतल्या ओप्पाऊला उत्पादन सुरू झालं. आज जगातली जवळपास निम्मी माणसं अशा अमोनियापासून बनलेल्या खताने पिकलेल्या अन्नावर जगतात असा अंदाज आहे, म्हणून माझ्यासाठी हे पहिलं.

पण आपल्या मताची कमजोर बाजू आपणच आधी सांगावी. माझ्या उत्तराची कमजोर बाजू अशी की नेर्न्स्टसारखे दुसरे रसायनशास्त्रज्ञही त्याच प्रश्नामागे होते, नॉर्वेत विजेच्या ठिणगीने नायट्रोजन पकडायची पद्धत आधीच चालू होती, म्हणजे हाबर नसते तरी काहीतरी मार्ग निघाला असता. तरी मी उत्तर बदलत नाही, कारण माझी मोजपट्टी आज किती माणसं त्यावर जिवंत आहेत ही आहे. आणि महत्त्वाची म्हणजे चांगली असं नाही हेही लक्षात ठेवा, त्याच अमोनियावर जर्मनीने पहिल्या महायुद्धात स्फोटकं बनवली, आणि १९१५ला बेल्जियममधल्या ईप्रच्या रणांगणावर विषारी क्लोरीन वायू सोडायच्या कामात हाबर स्वतः पुढे होते.

समोरच्याचं उत्तर ऐकलं की लगेच खोडू नका, तू कशाने मोजतोयस हे विचारा. अर्धे वाद तिथेच मिटतात, आणि उरलेले खरोखर करण्यासारखे असतात. फक्त मांडायच्या आधी साल आणि नावं तपासून घ्या. सुट्या अक्षरांची छपाई पंधराव्या शतकात जर्मनीतल्या गुटेनबर्गने शोधली असं बिनधास्त लिहितात, पण धातूच्या सुट्या अक्षरांनी छापलेलं कोरियातलं पुस्तक १३७७चं आहे, आणि चीनमध्ये बी शेंगने मातीची अक्षरं त्याच्याही तीनेकशे वर्षं आधी बनवली होती. गुटेनबर्गचं नाव घ्यायचंच असेल तर छपाई युरोपभर कशी पसरली आणि त्याने तिथे काय घडलं यावर घ्या, तो मुद्दा भक्कम आहे.