गोचीड ताप : फवारणी गाईवर, गोचीड भिंतीत

औषध फवारलं की दोन दिवस गाईचं अंग स्वच्छ दिसतं. पंधरवड्यात कानात, कासेजवळ, शेपटीखाली पुन्हा गोचीड, आणि औषध डुप्लिकेट दिलं म्हणून दुकानदाराला शिव्या. कधी ते खरंही असेल, पण बहुतेक वेळा गोचीड दुकानातून नव्हे, गोठ्यातूनच परत येतात. रक्त पिऊन टम्म झालेली मादी खाली पडते आणि भिंतीच्या भेगेत, गव्हाणीखाली, शेणकचऱ्यात हजारोंनी अंडी घालते. म्हणून गाय आणि गोठा एकाच दिवशी फवारा. अंडी औषधाला सहसा दाद देत नाहीत, तेव्हा साधारण पंधरा दिवसांनी दुसरा हात हवाच. भेगा लिंपून घ्या. भेगांतले गोचीड जाळायला फ्लेमगन (ज्वाळा सोडणारं यंत्र) फिरवायची तर आधी जनावरं बाहेर काढा, कडबा लांब हलवा.

पिकावरचं उरलेलं कीटकनाशक जनावरावर मारणं हा तर शुद्ध जुगार. जनावरांचं औषधसुद्धा ‘अंदाजे एक झाकण’ नको. जास्त झालं तर विषबाधा, कमी पडलं तर गोचीड त्याला सरावतात. लेबलवरचं माप पाळा. फवारणीआधी गाईला पोटभर पाणी पाजा, म्हणजे ती ओलं अंग चाटत बसणार नाही.

सगळ्यात महागात पडते ती तिसरी चूक. संकरित गाय १०४-१०६ अंश फॅरनहाइट तापली की तापाचं इंजेक्शन, संध्याकाळी ताप खाली, सकाळी पुन्हा वर. यात दोन-तीन दिवस जातात आणि तेवढ्यात रक्त कमी होत जातं. खांद्यापुढची गाठ सुजली असेल तर थायलेरियाचा संशय घ्या. लघवी कॉफीसारखी होत असेल तर बबेसियाचा. गोचीड ताप म्हणतात ते हेच रक्तातल्या जंतूंचे आजार. दोन्ही गोचिडांमुळेच होतात, पण थायलेरियाला बुपारव्हाक्वोन लागतं आणि बबेसियाला डिमिनाझिन. एकाचं औषध दुसऱ्याच्या जागी चालत नाही. म्हणून औषध टोचण्याआधी डॉक्टरांना कानाच्या शिरेतलं रक्त काचपट्टीवर घेऊन तपासायला सांगा. पैसे थोडे लागतात, गाय वाचते.

थायलेरियाची लस आपल्याकडे मिळते. संकरित वासरांना दोन महिन्यांनंतर ती देतात. मात्र ती बबेसियाला रोखत नाही आणि गोचीडही मारत नाही. लस टोचली म्हणून फवारणी बंद करणारे पाहिले की डोक्याला हात लावावासा वाटतो.

बाजारातून आणलेली गाय थेट दावणीला बांधू नका. गोचीड तापातून उठलेलं जनावर धडधाकट दिसतं, पण रक्तात जंतू बाळगून असतं. तिला दोन-तीन आठवडे वेगळी ठेवा आणि आल्या दिवशीच फवारा.

आणि गोचीड बोटांनी चिरडायची सवय सोडा. क्रिमियन काँगो तापाचा विषाणू माणसाला असाही लागू शकतो, आणि तो आजार २०११ साली शेजारच्या गुजरातेत सापडला आहे. हातमोजे घाला, चिमट्याने गोचीड काढा आणि डिझेलच्या डब्यात टाका.