टेक्सासच्या विहिरी मोजताना नाव नको, नंबर धरा

ऐरोली-महापेच्या ऑफिसांत रात्रपाळीला बसून टेक्सासमधल्या तेल-गॅस विहिरींच्या ड्रिलिंग परमिटची यादी ठेवणाऱ्यांची ठरलेली डोकेदुखी म्हणजे एकच विहीर दोनदा मोजली जाणं. परमिटमध्ये दुरुस्ती झाली की नवी ओळ येते, कधी लीजचं (तेल काढायला भाडेपट्ट्यानं घेतलेल्या जमिनीचं) नावही बदललेलं असतं.

त्यावर उपाय एकच, विहिरीचा एपीआय नंबर, म्हणजे प्रत्येक विहिरीचा स्वतंत्र ओळख क्रमांक, धरून चाला.

१. परमिट देणाऱ्या रेलरोड कमिशनच्या (नावात रेल्वे, काम तेलाचं!) यादीत हा नंबर ८ आकडी असतो. पहिले ३ आकडे काउंटीचे (म्हणजे तिथल्या जिल्ह्याचे), पुढचे ५ विहिरीचे.

२. एक्सेलमध्ये पेस्ट करण्याआधी तो कॉलम ‘टेक्स्ट’ करून घ्या. नाहीतर अँड्र्यूज काउंटीच्या ००३ मधली सुरुवातीची दोन्ही शून्यं गायब होतात आणि जुळवाजुळव करता करता पहाट होते. माझी झाली आहे.

३. सुरुवातीला टेक्सासचा कोड ४२ जोडा, मग डुप्लिकेट शोधा. जुनी ओळ पुसू नका, फक्त ताजी मोजा.

एवढं मात्र सांभाळा: परमिट मिळालं म्हणजे विहीर खोदली असं नाही. २ वर्षांत काम सुरू झालं नाही तर परमिटची मुदत संपते.