माणूस पारखावा कसा, त्याच्यावर शिक्का न मारता

‘कुणाबद्दल मत बनवू नये’ हा सल्ला मला मुळीच मान्य नाही. मुलं कुणाच्या भरवशावर सोडायची, पैसे कुणाला द्यायचे, मनातलं कुणापाशी बोलायचं, हे प्रत्येकाला ठरवावंच लागतं. डोळे मिटून ते ठरवता येत नाही. आणि या सल्ल्याचा सगळ्यांत जास्त फायदा होतो तो दुसऱ्याच्या भिडस्तपणावर जगणाऱ्यांना. ‘माणूस मला एका नजरेत कळतो’ हे दुसरं टोकही तितकंच वाईट. एका नजरेत कपडे दिसतात, बोलण्याची ढब दिसते. भरवसा ठेवावा की नाही, हे त्यात कुठेच नसतं.

पारख करणारा स्वतःचं पुढचं पाऊल ठरवतो. निवाडा करणारा समोरच्याची लायकी ठरवतो. खालच्या सगळ्या पायऱ्या हा फरक सांभाळण्यासाठी आहेत. उदाहरण एकच घेऊ: मैत्रिणीला विश्वासाने सांगितलेली गोष्ट तुम्हाला तिसऱ्याच माणसाच्या तोंडून ऐकू आली.

१. ठरवायचं काय आहे ते आधी बघा. इथे प्रश्न सरळ आहे: यापुढे हिला खासगी गोष्टी सांगायच्या का? असा प्रश्नच नसेल, म्हणजे कुणी लग्न का केलं नाही, कुणी पैसे कशावर उडवले असा विषय असेल, तर तो तिथेच सोडा. त्यात तुम्हाला काहीच ठरवायचं नाही.

२. घडलं तेवढंच लिहा. ‘मी तिला सांगितलेली गोष्ट अमक्याला कळली.’ बस. ‘तिने मुद्दाम सांगितली’ हे तुम्ही पाहिलेलं नाही. ती गोष्ट तिच्याकडूनच गेली का, हेसुद्धा अजून पक्कं नसेल.

३. कृतीवरून स्वभावावर उडी मारू नका. खरी कसोटी इथे आहे. मला सगळ्यांत जड गेलेली पायरी हीच, आणि वर्षानुवर्षं करूनही ती आपोआप होत नाही. ‘तिने गोष्ट सांगितली’ आणि ‘ती चुगलखोरच आहे’ ही दोन वाक्यं मनात इतकी चिकटून येतात, की मधली उडी जाणवतच नाही. दुसऱ्या वाक्यानंतर मग तपास थांबतो. पुढचं सगळं त्याच चष्म्यातून दिसतं. ती हळू बोलली तरी काहीतरी लपवतेय असं वाटतं.

परिस्थितीचा जोर आपण फार कमी धरतो. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन इथे डार्ली आणि बॅट्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना भाषण द्यायला दुसऱ्या इमारतीत पाठवलं आणि वाटेत दाराशी एक माणूस कण्हत, खोकत बसवला. ज्यांना फारशी घाई नव्हती त्यांतले ६३ टक्के मदतीला थांबले. ज्यांना उशीर झालाय असं सांगितलं होतं त्यांतले फक्त १० टक्के. काहींचं भाषण तर वाटेवरच्या जखमी परक्याला मदत करणाऱ्या माणसाच्या दृष्टान्तावरच होतं. पुढे निघून गेलेल्याला बघून आपण सहज ‘दगडाच्या काळजाचा’ म्हणालो असतो, पण फरक पडला होता मुख्यतः घाईने.

आणि नुसतं ‘परिस्थितीचा विचार करा’ एवढं सांगून भागत नाही. १९६७ साली जोन्स आणि हॅरिस या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना क्यूबाचे नेते कॅस्ट्रो यांच्याविषयीचे निबंध वाचायला दिले. लेखकाने कोणत्या बाजूने लिहायचं हे त्याला नेमून दिलं होतं, असं स्पष्ट सांगूनही वाचणाऱ्यांना वाटत राहिलं की कॅस्ट्रोंच्या बाजूने लिहिणारा मनातूनही त्याच बाजूचा असणार. सांगून-सवरूनही उडी सुटत नाही. म्हणून हा विचार मनातल्या मनात करू नका, कागदावर करा.

प्रश्न तीन आहेत. त्यांचा सांगाडा हॅरॉल्ड केली या मानसशास्त्रज्ञाने १९६७ साली मांडला, आणि याहून कामाचं साधन मला मिळालेलं नाही. पहिला: तिच्या जागी दुसरं कुणीही असतं तरी असंच वागलं असतं का? तुमच्याच काळजीने कुणी तिला खोदून विचारलं असेल, तर बहुतेकांनी सांगितलंच असतं. दुसरा: ती हे फक्त याच बाबतीत करते की सगळ्यांच्याच बाबतीत? इतरांची गुपितं ती तुमच्यापाशी बोलत असेल, तर तुमची कुठे जात असतील हे वेगळं सांगायला नको. तिसरा: हे एकदा झालं की दर वेळी होतं? इतर कुणी करत नाही, ती मात्र सगळ्यांबाबत आणि वारंवार करते, असं उत्तर आलं तर ती तिची सवय आहे, हे बेधडक धरून चाला. तेव्हा संकोच करणं म्हणजे चांगुलपणा नव्हे.

इथे दोन इशारे. एक, कारण कळलं म्हणजे नुकसान भरून निघालं असं होत नाही. तिला वाईट हेतू नव्हता हे मान्य करूनही गोष्ट फुटली ती फुटलीच. समजून घ्या, पण ‘बिचारी’ म्हणून पुन्हा तेच गुपित तिच्या हाती देऊ नका. दोन, जिवाचा किंवा लेकराचा प्रश्न असेल तर हे तिन्ही प्रश्न बाजूला ठेवा. कुणी हात उगारला, धमकी दिली, एखाद्या मोठ्या माणसापाशी जायला मूल घाबरू लागलं, तर सवय सिद्ध होण्याची वाट बघायची नाही. आधी अंतर, मग तपास.

हेच प्रश्न आवडत्या माणसांनाही लावा. थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने १९२० साली दाखवून दिलं होतं की लष्करी अधिकारी हाताखालच्यांना गुण देताना एका गुणाची छाप बाकीच्या गुणांवर पाडतात: देहयष्टी चांगली तर बुद्धी आणि चारित्र्यही चांगलंच. गोड बोलणाऱ्याला आपण प्रामाणिकपणाचे गुण असेच फुकट देतो. त्यातून होणारं नुकसान रागाच्या भरात मारलेल्या शिक्क्याइतकंच खरं असतं.

४. निर्णय जोखमीएवढाच ठेवा. गुपित सांगायचं नाही, एवढंच ठरलंय. तिच्यासोबत काम करणं, अडीनडीला तिला हाक मारणं, तिच्या गुणांचं कौतुक करणं हे सगळं चालू राहू शकतं. एका कप्प्यातला अविश्वास सगळ्या माणसावर पसरू देऊ नका. छोटी, फुटली तरी चालेल अशी गोष्ट काही महिन्यांनी सांगून बघायला हरकत नाही.

५. बोलायचं ते ज्याचा संबंध आहे त्याच्यापाशीच. कुणी तिला आपली नाजूक गोष्ट सांगायला निघालं असेल आणि तुम्हाला विचारलं, तर घडलेलं सांगा, विशेषण लावू नका. न विचारता चौघांत बोललात, तर पारख तिथेच संपली; ती निंदा झाली. आणि तुम्ही दुरावल्याचं तिला जाणवलं, तिने विचारलं, तर टाळू नका. म्हणा, ‘मी तुला सांगितलेलं मला दुसऱ्याकडून ऐकायला मिळालं. म्हणून हल्ली तसं काही सांगत नाही. बाकी काही बदललेलं नाही.’ एवढं बोलून थांबा आणि तिचं पूर्ण ऐका. दुसऱ्या पायरीवर लिहिलेल्या वाक्यात एखादी दुरुस्ती करावी लागेल असं काही तिच्याकडे असू शकतं.