मृगापासून कानबाईपर्यंत : घरात झाडं आणायच्या आधी

कानबाई, म्हणजे आपली श्रावणातली देवी, घरात बसायच्या आधी घराला रंग देणं, भांडी घासणं, अंथरुणं-पांघरुणं धुणं हे आपल्या खान्देशात कुणाला सांगावं लागत नाही. नागपंचमीनंतरचा रविवार जवळ आला की भाऊबंद गावाकडे निघतात आणि घर लखलखीत होतं. यंदा त्या आवराआवरीत झाडांचाही विचार असेल, तर माझं म्हणणं एवढंच आहे : झाड श्रावणात आणा, पण निवडा वैशाखासाठी. श्रावणात रोपवाटिकेत सगळंच हिरवंगार दिसतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या आसपास गेला की कुठलं झाड आपलं, ते कळतं.

म्हणून पहिलं काम मृगाच्या आधीच, ऊन कडक असतानाच करून ठेवा. भर दुपारी प्रत्येक खोलीत जिथे कुंडी ठेवायची तिथे पांढरा कागद ठेवा आणि त्यावर हातभर उंचीवर पंजा धरा. सावलीची बोटं रेखीव दिसली तर तिथे उजेड भरपूर आहे. कडा पुसट झाल्या तर मध्यम, आणि सावली जेमतेम जाणवली तर तिथे स्नेक प्लांट किंवा झीझी प्लांट यांच्यापलीकडे कशाचा हट्ट धरू नका. तीही अंधारात तग धरतात एवढंच, वाढायला त्यांनाही उजेड लागतो. संध्याकाळी पाचला पश्चिमेच्या भिंतीला हात लावून बघा. हात ठेववत नसेल तर त्या भिंतीशी कुंडी नको. दोन वर्षांपूर्वी मी अरेका पाम हौसेने अशाच खिडकीशी ठेवला होता. एप्रिल सरता सरता त्याची टोकं तपकिरी झाली, मग पाती हात लावला की कागदासारख्या वाजायला लागल्या. रोज पाणी घालत होते, तरी वाचला नाही.

त्यानंतर दुकानात जायच्या आधी माळ्यावर चढा. सध्या मासिकांत नव्याने मिरवलं जाणारं निम्मं सामान तिथे धूळ खात पडलेलं असतं. वेताच्या खुर्च्या, पितळी घंगाळ, तांब्याचा बंब, लाकडी चौरंग. मॅक्रमे म्हणून दोऱ्याच्या ज्या टांगण्या विकतात, ते आपलं शिंकंच. दुधा-लोण्याचं भांडं मांजरापासून वाचवायला आजी ते आढ्याला टांगायची. तिथे आता कुंडी टांगायची असेल तर हूक आधी तपासून घ्या. दहा इंची कुंडी पाणी घातल्यावर आठ-दहा किलोच्या घरात जाते. धाब्याचं घर असेल तर वाशाला वाळवी लागलेली नाही ना, ते खिळा टोचून बघा.

घंगाळाबद्दल जरा थांबून सांगते, कारण इथे बऱ्याच जणी चुकतात. त्याला भोक पाडू नका आणि माती थेट त्यात भरू नका. तांबं-पितळ ओल्या मातीत हिरवट होतं आणि ते मुळांना मानवत नाही. तळाशी विटेचा तुकडा ठेवा आणि झाड त्याच्या प्लॅस्टिकच्या कुंडीसकट वर बसवा. खाली साठलेलं पाणी ओतून टाकता आलं पाहिजे. बाहेरून चिंच-मिठाने घासा, धुवा आणि लगेच कोरड्या फडक्याने पुसा. ओलं राहिलं तर दुसऱ्या दिवशी डाग पडलेच. आमचं घंगाळ असं पुसून ओसरीत ठेवलं, तेव्हा कानाशी कोरलेलं आजेसासूबाईंचं नाव पहिल्यांदा वाचता आलं.

वेताची बैठक सैल झाली असेल तर खालच्या बाजूने कोमट पाण्याचं फडकं फिरवून सावलीत वाळवा. वेत वाळताना पुष्कळ आवळतो. मोझॅकच्या फरशीवर ॲसिड अजिबात नको, त्यातली संगमरवराची खडी ॲसिडने खाल्ली जाते. भिंतींना चुना द्यायचा तर पाऊस सुरू होण्याआधी. जुना ऑइलपेंट वा प्लॅस्टिक पेंट खरवडल्याशिवाय चुना धरत नाही. चुना भिजवताना डोळे सांभाळा. पोरांना तिकडे फिरकू देऊ नका.

माती हे आपल्याकडचं अवघड काम. शेतातली काळी माती कपाशीला सोनं आहे, कुंडीत मात्र ती पाणी धरून चिखल होते आणि वाळली की भेगा पडून काठ सोडते. दोन भाग पोयटा (गाळाची माती), एक भाग चाळलेलं जुनं शेणखत, एक भाग कोकोपीट आणि एक भाग जाड वाळू, वर मूठभर निंबोळी पेंड. ताजं शेण घालू नका, मुळं जळतात.

आता रोपवाटिका. पानं उलटी करून बघा. पिठ्या ढेकूण आणि लाल कोळी कपाशीवाल्यांना वेगळे सांगायला नकोत, तेच इथेही असतात. नवं रोप पंधरा दिवस बाकीच्यांपासून लांब ठेवा. घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर मनीप्लांट आणि डिफेनबाखिया उंचावर ठेवा किंवा घेऊच नका. त्यांच्या पानांतले ऑक्झलेटचे बारीक स्फटिक चावल्यावर तोंड सुजवतात. हवा शुद्ध होते म्हणूनही झाड घेऊ नका. तो समज 1989 च्या नासाच्या प्रयोगावरून पसरला. तो प्रयोग बंद पेटीतला होता. 2019 च्या आढाव्यात दिसलं की खोलीत नुसत्या खेळत्या हवेइतका परिणाम हवा असेल तर दर चौरस मीटरला किमान दहा झाडं लागतील. झाड आवडतं म्हणून घ्या, तेवढं कारण पुरे आहे.

पाण्याची सोय आधी ठरवा. बोअरचं पाणी जड असेल तर कुंडीच्या काठाला पांढरी पुटं चढतात आणि पानांची टोकं करपतात. पावसाचं पाणी पिंपात धरून झाकून ठेवा. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी झाडांना नको, त्यात क्षार आणखी दाट झालेले असतात. नेचा (फर्न) मात्र कूलरच्या खोलीत छान राहतो, फक्त झोतासमोर ठेवू नका. पाणी घालायच्या आधी बोट दोन पेरं मातीत घाला, ओल लागली तर तांब्या परत ठेवा. थाळ्या आणि मनीप्लांटच्या बाटल्या आठवड्यातून एकदा रिकाम्या करून घासा. डेंग्यूचा डास आठवडा-दहा दिवसांत अशाच पाण्यात तयार होतो.

कानबाईच्या चौरंगाची जागा पहिल्या दिवसापासून मोकळी सोडा. तिथे कुंड्या मांडून बसलात तर शनिवारी रात्री सगळं हलवावं लागेल. केळीचे खांब बांधायला सुतळी आधीच काढून ठेवा. सोमवारी विसर्जन करून आलात की ते खांब फेकू नका. कोयत्याने बारीक चिरून खताच्या खड्ड्यात पसरा आणि वर सुका पाला टाका. खोडात पालाश (पोटॅश) भरपूर असतं. उन्हाळ्याच्या तोंडाशी ते खत कुंड्यांत घालता येईल.