पाठीशी कोणी नसताना लिहिण्यातून मान कसा मिळवायचा

ज्यांच्या घरात आधी कोणी अर्ज आणि सही यापलीकडे काही लिहिलेलं नाही त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी त्यातलीच आहे आणि गेली कित्येक वर्षं माझं कामच लोकांची पत्रं, मेल, अर्ज वाचायचं आणि त्यांना उत्तरं द्यायचं आहे, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू बघून झाल्यात.

आपण समोर जाऊन उभे राहतो तेव्हा लोक आधी चपला बघतात, बोलायची ढब ऐकतात, वडील काय करतात ते विचारतात, आणि आपण तोंड उघडायच्या आतच मनात किंमत ठरवून मोकळे होतात. कागदावर तसं पूर्ण होत नाही. आडनाव तिथेही असतं हे खरं, पण वाचणाऱ्याला निदान तुमचं वाक्य तरी वाचावं लागतं. तेवढी एकच जागा अशी आहे जिथे तुमची मेहनत तुमच्या आधी पोचते, म्हणून ती जागा फुकट घालवायची नाही.

पहिल्या नोकरीत मी लिहिलेलं पहिलं पत्र एका सीनियरनी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं होतं. मी ‘निर्णय’ ऐवजी ‘निर्नय’ लिहिलं होतं, कारण आमच्या घरी तसंच बोलतात. सगळे हसले. पत्रात काय म्हटलंय ते कोणीच विचारलं नाही. त्यानंतर वर्षभर मी जुन्या फायली काढून त्यातली वाक्यं उतरवून काढायचे, ‘उपरोक्त विषयाच्या अनुषंगाने’, ‘सदर बाब आपल्या निदर्शनास आणून देण्यात येते’ वगैरे. वाटायचं की मान या जड शब्दांत आहे. चूक कोणी काढत नव्हतं हे खरं, पण माझी पत्रं कोणी शेवटपर्यंत वाचतही नव्हतं.

तर पहिली गोष्ट हीच, जड शब्द उसने घ्यायचे नाहीत. इतकी वर्षं पत्रं वाचून माझं निरीक्षण असं की ज्याला स्वतःच्या जागेची खात्री असते तो माणूस दोन ओळीत सरळ लिहितो, आणि ज्याला भीती वाटते तो ‘सविनय सादर’ पासून सुरू करून मुद्द्यावर यायला अर्धं पान घेतो. भीती वाटणं साहजिक आहे पण ती कागदावर दिसू द्यायची नाही. उपाय सोपा आहे. लिहिलेलं घरातल्या कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा, आई असेल, भाऊ असेल, शिकलेलं असलंच पाहिजे असं काही नाही. वाचताना जिथे तुमचीच जीभ अडखळते किंवा समोरचं माणूस “म्हणजे?” असं विचारतं तिथे खूण करा. ते वाक्य तुमचं नाही. काढा आणि “म्हणजे?” चं जे उत्तर तुम्ही तोंडी दिलंत तेच तिथे लिहा, बहुतेक वेळा तेच बरोबर असतं.

आता एक खरं उदाहरण, कारण नुसतं सांगून हे कळत नाही. आमच्याकडे साफसफाईला येणाऱ्या एक ताई, त्यांचा आधीच्या ठिकाणचा दोन महिन्यांचा पगार अडकला होता. त्यांनी कोणाकडून तरी अर्ज लिहून घेतला होता, तो असा सुरू होत होता, “महोदय, सविनय विनंती की अर्जदार ही अत्यंत गरीब व होतकरू महिला असून घरची परिस्थिती हलाखीची आहे, तरी आपण मायबाप होऊन सहानुभूतीपूर्वक विचार करावा…” आणि पगार हा शब्द थेट आठव्या ओळीत. आठव्या ओळीत! वाचणारा तोपर्यंत हे मदतीचं पत्र आहे असं समजून ते बाजूला ठेवणार.

मी त्यांना म्हटलं, ताई, कागद बाजूला ठेवा आणि मला तोंडाने सांगा काय झालं. फोनवर रेकॉर्डिंग चालू केलं. त्या म्हणाल्या, “मार्च आणि एप्रिलचा पगार नाही दिला. मी १२ मे ला गेले होते विचारायला, ते बोलले पुढच्या आठवड्यात. आता जून उजाडला. कधी देणार तेवढं सांगा ना, म्हणजे मला सारखं काम बुडवून यायला नको.” पत्र तयारच होतं. आम्ही फक्त क्रम नीट लावला आणि लिहिलं:

“मार्च आणि एप्रिल या दोन महिन्यांचा माझा पगार अजून मिळालेला नाही. १२ मे रोजी मी ऑफिसमध्ये येऊन विचारलं तेव्हा पुढच्या आठवड्यात मिळेल असं सांगण्यात आलं होतं. आज ३ जून आहे. पगार कोणत्या तारखेला जमा होईल ते कृपया लेखी कळवावं, म्हणजे मला दर वेळी काम बुडवून यावं लागणार नाही.”

चार वाक्यं. त्यात गरिबी नाही, मायबाप नाही, रागही नाही. वाचून दाखवलं तर ताई म्हणाल्या, हे तर मीच बोललेय. चार दिवसांनी उत्तर आलं, त्यात तारीख होती.

यात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की हक्काचं मागताना दया मागायची नाही. गरीब असणं लाजिरवाणं आहे म्हणून नव्हे, तर केलेल्या कामाचा पगार गरिबालाही मिळायला हवा आणि श्रीमंतालाही, तिथे परिस्थितीचा काही संबंधच नाही. जिथे संबंध आहे, म्हणजे समजा स्कॉलरशिपचा फॉर्म आहे आणि उत्पन्नाची अट आहे, तिथे परिस्थिती जरूर लिहा, पण आकड्यात लिहा. वर्षाचं उत्पन्न किती, घरात माणसं किती, कमावणारे किती, सोबत दाखला जोडलाय. ‘हलाखीची परिस्थिती’ हे दोन शब्द वाचणाऱ्याने हजार वेळा वाचलेले असतात, आकडा मात्र तुमचा एकट्याचा असतो.

आता शुद्धलेखन. यावर दोन टोकं ऐकायला मिळतात. एक म्हणजे चुकलं की माणूस अडाणी, आणि दुसरं म्हणजे भावना पोचल्या की झालं, ऱ्हस्व दीर्घ गेलं उडत. मला दोन्ही पटत नाही. तुम्ही घरी ‘पानी’ म्हणता यात काहीही चूक नाही, ती तुमची बोली आहे आणि त्यावर हसणाऱ्याने स्वतःची लाज बाळगावी. पण लिहायची प्रमाण पद्धत ही वेगळी गोष्ट आहे, ती कोणाच्या रक्तातून येत नाही, माणसांनी बसून ठरवलेली आहे. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली चौदा नियम केले, १९७२ साली त्यात चार वाढवले, एकूण अठरा. आपल्याला घाबरवलं जातं ते एवढ्याशा यादीवरून! संध्याकाळी तास-तासभर बसलात तर महिन्याभरात हाताला वळण लागतं.

आणि अठरा एकदम करायची गरज नाही. सुरुवातीला तीन-चारच पकडा. शब्दाच्या शेवटचा इकार उकार, म्हणजे वेलांटी आणि उकार, दीर्घ म्हणजे दुसरा असतो, पाटी, जादू, कवी, गुरू, अपवाद थोडे आहेत, ‘आणि’ हा रोजचा. दुसरं, मराठी शब्दाचं शेवटचं अक्षर अकारान्त, म्हणजे काना, मात्रा, वेलांटी काही नसलेलं, असेल तर त्याच्या आधीचा इकार उकार दीर्घ, गरीब, वकील, फूल, आणि त्याला प्रत्यय लागला की तो ऱ्हस्व होतो, गरिबाला, वकिलाला, फुलाला. गुण, सुख असे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द याला अपवाद आहेत, ते ऱ्हस्वच राहतात. तिसरं म्हणजे ‘त्या मुळे’, ‘माझ्या कडे’, ‘मुलां साठी’ असं तोडून लिहायचं नाही, ते जोडून येतं, त्यामुळे, माझ्याकडे, मुलांसाठी. मोबाईलचा कीबोर्ड पुढचा शब्द सुचवताना मधे जागा सोडतो त्यामुळे शिकलेल्या लोकांचंही हे सर्रास चुकतं. एवढी एक गोष्ट सुधारली तरी तुमचं लिखाण लगेच नीटनेटकं दिसायला लागतं.

चौथी गोष्ट मी मुद्दाम वेगळी ठेवलीये, कारण तिच्यात व्याकरण आणि मान एकाच टिंबात बसलेत. ‘सरानी सांगितलं’ नाही, ‘सरांनी सांगितलं’. माणूस एकच, पण आदर द्यायचा म्हणून त्याला अनेकवचन लावतो आणि मग वर अनुस्वार येतो. मराठीत मान असा क्रियापदात आणि प्रत्ययात असतो, साहेब आले, ताई गेल्या, बाबांना विचारलं. आता तुमच्या ऑफिसचे किंवा सोसायटीचे जुने मेसेज उघडा आणि बघा हा मान कोणाला मिळतोय. ‘मॅडम आल्या आहेत’, ‘साहेबांना विचारा’, आणि त्याच्याच खाली ‘शिपाई आला होता’, ‘वॉचमनला सांगा’, ‘कचरेवाली आली नाही’. लिहिणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, हात आपोआप तसा चालतो. मी माझे स्वतःचे मेसेज तपासले तेव्हा मलाही हेच सापडलं, ज्या घरातून मी आले त्या घरातल्याच माणसांना मी एकेरीत लिहीत होते. त्या दिवसापासून ‘शिपाई येऊन गेले’, ‘वॉचमन काकांना सांगा’, ‘सफाईवाल्या ताई आज आल्या नाहीत’ असं लिहिते. सुरुवातीला एकदोघांनी विचारलं की असं का लिहितेस, मी म्हटलं बरोबर मराठी तेच आहे. आता ग्रुपवर आणखी दोन-तीन जण तसं लिहितात.

स्वतःला मान हवा असेल तर ही सवय आधी लावा, कारण सगळ्यांना सारख्याच मापाने आदर देणाऱ्याचं लिहिणं लोक वेगळ्या कानाने ऐकतात. आणि वरच्या माणसाला लिहिताना तेच माप ठेवायचं, ‘आपल्या चरणी’ वगैरे नको, ‘नमस्कार’ आणि ‘कृपया’ पुरतं.

वाद घालायचा असेल तर काय, हा प्रश्न मला नेहमी विचारतात, म्हणजे समोरचा शिकलेला, हुद्द्याने मोठा, आणि आपलं म्हणणं बरोबर असूनही मांडता येत नाही. इथे मला मुक्ता साळवे आठवतात. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणारी मांग समाजातली मुलगी, आणि तिचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. तिने केलं काय तर पंडितांचंच म्हणणं उचललं, वेद फक्त ब्राह्मणांचे असं तुम्ही म्हणता ना, ठीक, मग त्यावरून आम्हाला धर्मपुस्तकच नाही असं उघड होतं, आणि मग आमचा धर्म कोणता? ताकद त्या बांधणीत आहे. समोरच्याचं म्हणणं त्याच्याच शब्दात लिहायचं, मोडतोड न करता, मग त्यातून पुढे काय निघतं ते दाखवायचं आणि शेवटी एक सरळ प्रश्न विचारून थांबायचं. विशेषणं लावायची नाहीत. ‘तुम्ही अन्याय करताय’ असं लिहिलं की समोरचा नाही म्हणून मोकळा होतो. ‘नियमात पंधरा दिवस लिहिलेत, माझ्या अर्जाला चाळीस दिवस झाले, उशीर कशामुळे झाला?’ असं लिहिलं की त्याला उत्तर शोधावं लागतं.

आणि एवढं करूनही कोणी चारचौघात तुमची चूक काढलीच तर लाजून मेसेज डिलीट करू नका, भांडूही नका. मी एवढंच लिहिते, “चूक दुरुस्त केली आहे, धन्यवाद. मुद्दा असा होता की…” आणि मुद्दा पुन्हा पूर्ण लिहिते. हसायला आलेल्यांना आता मुद्द्यावर बोलावं लागतं.

वाचन करा हे सगळेच सांगतात, मी वेगळं काय सांगणार. फक्त एक, शब्दकोश चाळायची सवय लावा. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ मध्ये सात खंडांत निघाला, आता इंटरनेटवर त्यात शब्द शोधता येतो. त्यात पुस्तकी शब्दांच्या शेजारीच शेतातले, कारागिरांचे, वेगवेगळ्या भागांतल्या बोलींचे शब्द अर्थासकट नोंदवलेले आहेत. माझी आजी वापरायची तो एक शब्द मी आयुष्यभर ‘गावठी’ समजून गिळत आले होते, तो तिथे छापलेला बघितला तेव्हा मी बराच वेळ त्या पानावरून हलले नाही. आता तो मी बिनधास्त लिहिते.

शेवटचं, जरा हात बसला की तुमच्याकडेही कोणीतरी नवीन लिहिणारं येईल आणि चुका तुमच्या डोळ्यात खुपतील. तेव्हा आधी तो काय म्हणतोय त्याला उत्तर द्या, सगळ्यांसमोर, आणि चूक नंतर एकट्याला सांगा, एका वेळी एकच. आमच्या ग्रुपवर एका नव्या मुलाने पाणी भरायच्या वेळेबद्दल चांगली सूचना लिहिली होती पण शब्द सगळे तोडून. ग्रुपवर मी लिहिलं की सूचना योग्य आहे, उद्यापासून तसं करूया, आणि त्याला वेगळा मेसेज केला, “बारीक गोष्ट आहे, ‘त्या मुळे’ जोडून लिहितात, ‘त्यामुळे’.” दहा मिनिटांनी त्याचा रिप्लाय आला, “बरं झालं सांगितलंत ताई. ‘सगळ्यां साठी’ पण जोडूनच ना?”