पॉवरटॅपची राइड लिनक्सवर उतरत नव्हती: 'परमिशन डिनाइड'वर उपाय

पॉवरटॅप म्हणजे पेडलिंगची ताकद वॅटमध्ये मोजणारं यंत्र. त्याचा सायकल कॉम्प्युटर यूएसबी क्रेडलमध्ये बसवलाय, स्क्रीनवर 'होस्ट' दिसतंय, तरी टर्मिनलवर पीटीडीएल (राइड उतरवणारा प्रोग्राम) चालवलं की 'परमिशन डिनाइड', म्हणजे परवानगी नाही. केबल बदलली, पोर्ट बदललं, फरक शून्य. सुडो लावून, म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकारात चालवून, डेटा उतरतो, पण फाइल रूटच्या (अ‍ॅडमिन खात्याच्या) मालकीची होते. तो मार्ग नको. नागपूर-रामटेकची अख्खी राइड आत अडकलेली पाहून जीव कासावीस झाला होता.

उबंटूवर यूएसबी-सीरियल पोर्ट 'डायलआउट' गटाकडे असतं आणि आपलं खातं त्या गटात नसतं, एवढंच कारण.

आधी केबल लावून 'सुडो डीमेसेज' बघा, त्यात सिस्टिमचे संदेश दिसतात. शेवटच्या ओळींत एफटीडीआय (यूएसबी-सीरियल चिपचं नाव) आणि टीटीवाययूएसबी० (पोर्टचं नाव) दिसायला हवं. मग कमांड: सुडो यूजरमॉड, डॅश, स्मॉल ए, कॅपिटल जी, डायलआउट, शेवटी आपलं यूजरनेम. स्मॉल ए गाळू नका, नाहीतर खातं बाकीच्या गटांतून निघतं, अगदी सुडोमधूनही. आता पूर्ण लॉगआउट करून परत लॉगइन. नुसतं टर्मिनल बंद करून भागत नाही. 'ग्रुप्स' कमांड दिल्यावर यादीत डायलआउट आलं की सुडोशिवाय पीटीडीएल चालवा. फाइलमध्ये वॅटचे आकडे नीट आलेत हे पाहिल्यावरच सायकल कॉम्प्युटरमधली राइड पुसा.