गाभोळीवरून तारलीच्या विणीचा काळ आणि जागा कशी ओळखावी

तारली, म्हणजे सिंधुदुर्गाकडचे पेडवे, केव्हा आणि कोठे अंडी घालते हे शोधायचे असल्यास सुरुवात बंदरावर उतरलेल्या मासळीपासून करावी. एकाच होडीने एकाच खेपेत पकडलेले वीस-पंचवीस मासे घ्यावेत आणि त्यांत लहानमोठे सगळे येऊ द्यावेत, कारण केवळ मोठे मासे निवडले तर अनुमान हमखास चुकते. जाळे कोठे टाकले होते, पाणी किती वाव (खोलीचे माप) होते आणि वेळ रात्रीची होती की दिवसाची, हे तांडेलाला (होडीच्या प्रमुखाला) विचारून तेथेच वहीत लिहावे. ही नोंद करायची राहून गेली तर पुढचे सगळे काम वाया जाते.

प्रत्येक मासा मोजून आणि तोलून झाल्यावर त्याचे पोट चिरावे. कोवळ्या मादीची गाभोळी, म्हणजे पोटातली अंड्यांची पिशवी, बारीक दोरीसारखी आणि जवळजवळ पारदर्शक असते; ती पिवळसर होऊन तिच्यात डोळ्यांना दिसतील असे दाणे भरू लागले की मादी विणीकडे निघाली आहे असे समजावे. गाभोळीच्या वजनाला माशाच्या वजनाने भागून शंभराने गुणावे, म्हणजे साठ ग्रॅमच्या मादीत तीन ग्रॅम गाभोळी असेल तर आकडा पाच येतो. दर पंधरवड्याला हा आकडा काढत गेल्यास तो चढतो कधी आणि एकदम उतरतो कधी ते दिसते, आणि हा उतारच विणीचा काळ सांगतो.

जागेबाबत मात्र फार सावध राहावे. भरलेल्या गाभोळीची मादी अजून बरेच अंतर पोहून जाऊ शकते, त्यामुळे ती जेथे सापडली तेथेच अंडी घालणार होती असे मानणे ही या कामातली सर्वांत मोठी चूक आहे. दाणे पाणी शोषून काचेसारखे झाले असतील आणि पोट हलके दाबताच बाहेर येत असतील, तरच वीण काही तासांवर आली आहे आणि जागा जवळच आहे असे म्हणता येते. तारली रात्री अंडी घालते, ती अंडी पाण्यात तरंगतात आणि सुमारे एका दिवसात फुटतात. म्हणून पहाटे बारीक छिद्रांच्या प्लवक-जाळ्यात (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव गोळा करण्याच्या जाळ्यात) ताजी अंडी मिळाली, तर तो जागेचा सर्वांत भक्कम पुरावा ठरतो.

त्याच वेळी पाण्याचे तापमान आणि क्षारता मोजावी. तारलीची मुख्य वीण जून ते सप्टेंबर या काळात, नैऋत्य मोसमी पावसाबरोबर होते. या दिवसांत वाऱ्यामुळे वरचे पाणी किनाऱ्यापासून दूर लोटले जाते आणि खालचे थंड, पोषक क्षारांनी भरलेले पाणी वर येते. त्यावर वनस्पती-प्लवक वाढते आणि पिलांना अन्न मिळते. केरळ आणि कर्नाटकाच्या किनाऱ्यावर ही क्रिया ठळक असते, उत्तरेकडे ती क्षीण होत जाते. वर येणाऱ्या पाण्यात प्राणवायू कमी असतो, म्हणून जमल्यास तोही मोजावा. उपग्रहाच्या चित्रांवर पावसाळ्यात विसंबू नये, कारण ढगांमुळे पाण्याचा रंग टिपता येत नाही. ही मोजमापे कंटाळवाणी वाटली तरी टाळू नयेत: केरळात 2012 मध्ये जवळपास चार लाख टन तारली मिळाली होती आणि 2021 मध्ये साडेतीन हजार टनही मिळाली नाही. अशा चढउताराचे कारण शोधताना मासेमारीच्या आकड्यांशेजारी पाण्याचे आकडे नसतील, तर दोष कशाचा हे ठरवता येत नाही.

पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, आणि नेमकी हीच विणीची भर असते. या काळातले नमुने बंदी लागू नसलेल्या बिगरयांत्रिक होड्यांकडून घ्यावेत. तेही न मिळाल्यास नारळी पौर्णिमेच्या सुमारास उतरलेल्या माशांची गाभोळी पाहावी. ती सैल, लालसर आणि रिकामी पिशवी असावी तशी दिसली, तर त्या मादीची वीण नुकतीच होऊन गेली आहे, अशी नोंद करावी.